असुरबनिपालाची दाखल नोंदवही आणि आजचा अदृश्य वाचक

ग्रंथालयाच्या कार्यालयात पूर्वी दोन नोंदवह्या हमखास असत. पहिली दाखल नोंदवही. आलेला प्रत्येक ग्रंथ, त्याचा क्रमांक, त्याची किंमत आणि तो कोणाकडून आला, याची नोंद तिच्यात होई. दुसरी देवघेव नोंदवही. कोणत्या सभासदाने कोणता ग्रंथ नेला आणि तो केव्हा परत केला, हे तिच्यात लिहिले जाई. पहिलीवरून संस्थेची संपत्ती कळे, दुसरीवरून त्या संपत्तीचा उपयोग. आज वाचक घरबसल्या ग्रंथालयाची तालिका पाहतो, नियतकालिकातील लेख संगणकावर उतरवून घेतो आणि ग्रंथपालाच्या दृष्टीस न पडताच निघून जातो. या अदृश्य वाचकाच्या वावराची मोजदाद करण्याच्या शास्त्राला वेब अ‍ॅनालिटिक्स म्हणतात. देवघेव नोंदवहीचे काम आता बऱ्याच अंशी याच शास्त्राकडे आले आहे.

ग्रंथालयाने नेमके काय मोजावे, हा प्रश्न मात्र संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. सुमारे २,६५० वर्षांपूर्वी असिरियाचा सम्राट असुरबनिपाल याने निनेव्हे येथे जो ग्रंथसंग्रह उभारला, त्याच्या दाखल नोंदींचे काही अवशेष आजही वाचता येतात. त्या नोंदी आणि आजच्या संकेतस्थळांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर मोजदादीचे सामर्थ्य आणि तिचे धोके दोन्ही स्पष्ट होतात.

कमरेला लेखणी खोवणारा राजा

असुरबनिपाल हा सम्राट एसारहॅडनचा पुत्र आणि सेनॅकरिबचा नातू. इ.स.पू. ६७२ मध्ये एसारहॅडनने वारसाची व्यवस्था जाहीर केली. तीनुसार असिरियाची गादी असुरबनिपालाला, तर बॅबिलनची गादी त्याचा भाऊ शमश-शुम-उकिन याला मिळावयाची होती. साम्राज्यातील अधिकारी आणि मांडलिक यांच्याकडून या व्यवस्थेला निष्ठेची शपथ घेण्यात आली. युवराजाविरुद्ध कोणी काही बोलल्याचे कानावर आले, तर ते राजाला कळविण्याचे बंधनही त्या शपथेत होते. पुढे इ.स.पू. ६६९ मध्ये इजिप्तच्या स्वारीवर जात असताना एसारहॅडनचा वाटेतच मृत्यू झाला. राजमाता नकिया हिने दरबाराकडून नातवासाठी पुन्हा शपथा घेतल्या आणि असुरबनिपाल गादीवर बसला.

त्याच्या कारकीर्दीत असिरियाचे साम्राज्य विस्ताराच्या शिखरावर पोचले. इ.स.पू. ६६३ च्या सुमारास त्याच्या सैन्याने इजिप्तमधील थीब्ज हे पुरातन नगर लुटले. इ.स.पू. ६५३ च्या सुमारास ईलमचा राजा ट्यूमन युद्धात मारला गेला. आपल्या राणीसह बागेत मेजवानीचा आस्वाद घेणारा असुरबनिपाल आणि जवळच्या झाडाला टांगलेले ट्यूमनचे मस्तक, असा शिल्पपट लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. इ.स.पू. ६५२ मध्ये प्रत्यक्ष भावानेच बॅबिलनमधून बंड पुकारले. प्रदीर्घ वेढ्यानंतर इ.स.पू. ६४८ मध्ये बॅबिलन पडले आणि शमश-शुम-उकिनचा आगीत अंत झाला. त्यानंतर लवकरच ईलमची राजधानी सूसा उद्ध्वस्त करण्यात आली.

या क्रूर विजेत्याला आपल्या विद्वत्तेचाही तेवढाच अभिमान होता. आपण सुमेरियन आणि अक्कडियन भाषांतील दुर्बोध लेख वाचू शकतो, महाप्रलयापूर्वीच्या लेखांचाही आपला अभ्यास आहे, असे त्याने आपल्या शिलालेखांत नोंदवून ठेवले. प्राचीन पश्चिम आशियात लेखन हा प्रामुख्याने व्यावसायिक लेखकांचा प्रांत होता. स्वतः वाचता-लिहिता येते असा दावा करणारे राजे विरळाच. युवराज असताना बलासी या खगोलज्ञाने त्याला शिकविल्याचे दरबारच्या पत्रव्यवहारावरून दिसते. निनेव्हेच्या उत्तर प्रासादातील सिंहाच्या शिकारीचे शिल्पपट जगप्रसिद्ध आहेत. त्यांतील राजाच्या कमरपट्ट्यात शस्त्रांबरोबर लेखणीही खोवलेली दिसते.

ग्रंथांची आवक

असुरबनिपालाचे ‘ग्रंथ’ म्हणजे ओल्या मातीवर बोरूने कीलाकार लिपीत कोरलेल्या पट्टिका. त्यांच्या जोडीला मेणाचा थर दिलेल्या फळ्याही लेखनासाठी वापरल्या जात. हा संग्रह त्याने एकट्याने शून्यातून उभा केला नाही. पूर्वजांच्या काळापासून काही पट्टिका राजवाड्यात होत्याच. मात्र संग्रह वाढविण्यासाठी त्याने जी मोहीम हाती घेतली, तिला त्या काळात तोड नव्हती. त्याच्या नावावर मानल्या जाणाऱ्या एका आज्ञापत्रात बोर्सिप्पा येथील अधिकाऱ्याला मंदिरांतील आणि विद्वानांच्या घरांतील पट्टिका शोधून पाठविण्यास बजावले आहे. हव्या असलेल्या विधिग्रंथांची नावेही त्यात आहेत. यादीत नसलेली, पण राजवाड्याला उपयुक्त वाटणारी पट्टिका दिसल्यास तीही घ्यावी, अशी सूचना आहे.

बॅबिलन पडल्यानंतर, इ.स.पू. ६४७ च्या आरंभीच्या आवकीच्या याद्या अभ्यासकांच्या हाती लागल्या आहेत. फिनलंडचे असिरियाविद्यातज्ज्ञ सिमो पार्पोला यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. कोणत्या ग्रंथमालेच्या किती पट्टिका आल्या, त्या कोणाच्या मालकीच्या होत्या आणि त्या माणसाचा व्यवसाय काय, असा तपशील त्यांत मिळतो. फुटक्यातुटक्या अवस्थेतील या याद्यांतच सुमारे २,००० पट्टिका आणि ३०० फळ्यांची नोंद आहे. पूर्वीच्या मालकांत मांत्रिक, शकुनज्ञ आणि वैद्य अशी मंडळी दिसतात. आजच्या कोणत्याही ग्रंथपालाला ही दाखल नोंदवही ओळखीची वाटेल.

मात्र या वहीमागे विजेत्याची सक्तीही होती. बंडात पराभूत झालेल्या प्रदेशातून हा ग्रंथसंग्रह येत होता. तो सगळाच स्वेच्छेने दिलेला असेल, असे मानता येत नाही. निप्पूरच्या राज्यपालाच्या मुलाने नेमून दिलेल्या ग्रंथमालेचे लेखन पूर्ण केले आणि त्याला बेड्या घातल्या आहेत, अशी एक नोंद त्या काळच्या प्रशासकीय कागदपत्रांत सापडते.

राजवाड्यात तयार झालेल्या प्रतींच्या शेवटी पुष्पिका असे. ही पट्टिका विश्वाचा राजा, असिरियाचा राजा असुरबनिपाल याच्या प्रासादाची आहे, असे काहींवर मोजक्या शब्दांत लिहिलेले असे. काही पुष्पिका मोठ्या असत. त्यांत राजाची विद्वत्ता सांगून, आपल्या वाचनासाठी ही प्रत प्रासादात ठेवल्याचा निर्देश केलेला असे. पट्टिका पळविणाऱ्याला किंवा राजाचे नाव पुसून स्वतःचे घालणाऱ्याला देवतांचा शापही दिलेला असे. ग्रंथालयाचा शिक्का आणि दंडाचा नियम या दोहोंचे काम ही पुष्पिका करी.

संग्रहात सर्वांत मोठा वाटा शकुनशास्त्राचा होता. ग्रहणे आणि ग्रहांची स्थिती यांवरून, तसेच बळी दिलेल्या मेंढीच्या यकृतावरून भविष्य सांगणारे ग्रंथ त्यात होते. त्याखेरीज मंत्रविधी, वैद्यक, शब्दसंग्रह, प्रार्थना होत्या आणि थोड्या प्रमाणात पुराणकथा व काव्ये. देवांचा कौल जाणून राज्य सांभाळणे हा या संग्रहाचा मुख्य हेतू. राजा आणि त्याच्या दरबारातील विद्वान एवढाच वाचकवर्ग होता. त्यामुळे काय आले याची नोंद काटेकोर असली, तरी आवकीच्या याद्यांसारखी वाचनाची यादी हाती आलेली नाही. एकाच धन्यासाठी चालणाऱ्या ग्रंथालयाला वाचक मोजण्याचे कारण नव्हते.

राखेतून वाचलेला संग्रह

असुरबनिपालाचा मृत्यू इ.स.पू. ६३१ च्या सुमारास झाला असे मानले जाते. पुढे वीस वर्षांच्या आतच, इ.स.पू. ६१२ मध्ये, बॅबिलोनियन आणि मीड यांच्या फौजांनी निनेव्हे जाळून टाकले. मेणाच्या फळ्यांचा टिकाव लागला नाही. आवकीच्या यादीत नोंदविलेल्या त्या शेकडो फळ्यांपैकी वाचण्याजोगे काही उरले नाही. मातीच्या पट्टिकांच्या बाबतीत उलट घडले. आगीत भाजून निघाल्याने त्यांपैकी अनेक अधिकच टिकाऊ झाल्या.

त्यानंतर सुमारे चोवीसशे वर्षे या पट्टिकांना एकही वाचक मिळाला नाही. आजच्या मोसुल शहरासमोर, टायग्रिसच्या पूर्व काठावरील कुयुंजिक टेकडीत ऑस्टिन हेन्री लेयार्ड याला १८५० च्या सुमारास सेनॅकरिबच्या प्रासादात पट्टिकांचा मोठा साठा सापडला. लेयार्डने निमरूद येथे काढलेल्या शिल्पांच्या पेट्या त्या काळी बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जात. असिरियन राजवाड्यांतील काही शिल्पपट आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही पाहावयास मिळतात. १८५३ मध्ये मोसुलचाच रहिवासी असलेल्या होर्मुझ्द रस्सम याने असुरबनिपालाचा उत्तर प्रासाद शोधून काढला. तेथेही पट्टिका होत्या. दुर्दैवाने कोणती पट्टिका कोणत्या दालनात मिळाली याची टिपणे नीट ठेवली गेली नाहीत आणि दोन्ही ठिकाणचा संग्रह एकमेकांत मिसळला. राजाने जपलेली दाखल नोंद उत्खनन करणाऱ्यांना जमली नाही. आज ब्रिटिश म्यूझियममध्ये निनेव्हेच्या ३०,००० हून अधिक पट्टिका व तुकडे आहेत. कार्ल बेझोल्ड याने १८८९ ते १८९९ या काळात पाच खंडांत त्यांची सूची केली.

याच ढिगात जॉर्ज स्मिथ या तरुणाला एक तुकडा गवसला. नोटांसाठी कोरीवकाम करणाऱ्या छापखान्यात उमेदवारी केलेला स्मिथ फावल्या वेळात म्यूझियममध्ये जाऊन कीलाकार लिपी शिकला होता. ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनच्या एका सभेत त्याने महाप्रलयाची कथा सांगणारा तो मजकूर वाचून दाखविला, तेव्हा इंग्लंडचे पंतप्रधान ग्लॅडस्टनही उपस्थित होते. गिल्गामेशच्या महाकाव्याची ती अकरावी पट्टिका होती. ज्या संग्रहात शकुनग्रंथांना अग्रमान होता, त्यातील हे काव्य आज जगभर वाचले जाते. केवळ वापराच्या आकड्यांवरून एखाद्या हिशेबनिसाने या पट्टिकांचे निर्लेखन करावयाचे ठरविले असते, तर १८७१ पर्यंत गिल्गामेशच्या नावापुढे शून्यच दिसले असते.

पावलांची मोजदाद

आज हीच पट्टिका पाहण्यासाठी लंडनला जावे लागत नाही. ब्रिटिश म्यूझियमने २००२ मध्ये मोसुल विद्यापीठाच्या सहकार्याने असुरबनिपाल ग्रंथालय प्रकल्प सुरू केला. संग्रहातील पट्टिकांची छायाचित्रे आणि माहिती संगणकावर उपलब्ध करून देणे हा त्याचा एक उद्देश. अशा संकेतस्थळावर कोणी आले की त्याची नोंद आपोआप होते. तिचे मुख्य मार्ग दोन आहेत.

पहिला मार्ग सर्व्हरच्या नोंदफाइलीचा. वाचकाचा संगणक एखादे पान मागतो, तेव्हा मागणीची वेळ, संगणकाचा आयपी पत्ता, मागितलेली फाइल, ती मिळाली की नाही आणि बहुतेक वेळा वाचक कोणत्या पानावरून आला, हे सर्व्हर एका ओळीत लिहून ठेवतो. गेल्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅनालॉग, वेबअलायझर यांसारख्या प्रणाली या ओळींची बेरीज करून तक्ते काढीत. दुसरा मार्ग पानातच दडविलेल्या छोट्या आज्ञावलीचा. पान उघडताच ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालते आणि मोजणी करणाऱ्या सर्व्हरकडे निरोप पाठविते. तोच वाचक पुन्हा आला हे ओळखण्यासाठी त्याच्या संगणकावर ‘कुकी’ नावाची खूण ठेवली जाते. गूगलने २००५ मध्ये अर्चिन ही कंपनी विकत घेऊन त्याच वर्षी गूगल अ‍ॅनालिटिक्स ही सेवा विनामूल्य सुरू केली आणि हा मार्ग सर्वत्र रूढ झाला. त्या सेवेच्या जुन्या आवृत्तीने १ जुलै २०२३ पासून नवी माहिती नोंदविणे थांबविले. तिची जागा चौथ्या आवृत्तीने घेतली आहे. संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालविता येणारी मुक्त प्रणाली म्हणून माटोमो अनेकांना परिचित आहे. २००७ साली पिविक या नावाने तिचा आरंभ झाला होता.

या मोजणीतील संज्ञा समजून घेणे अगत्याचे आहे. एका पानावर वीस चित्रे असतील, तर ते पान एकदा उघडताच सर्व्हरकडे एकवीस मागण्या जातात. या मागण्यांना ‘हिट’ म्हणतात. एकेकाळी लाखो हिटची जाहिरात होई, परंतु वाचकांची संख्या तीवरून कळत नाही. पूर्ण पान किती वेळा पाहिले गेले, हा त्याहून बरा आकडा. एका बैठकीतील सर्व हालचालींना ‘सत्र’ म्हणतात. वाचक साधारणपणे अर्धा तास स्वस्थ राहिला की सत्र संपले असे धरतात. ‘स्वतंत्र वाचक’ हा आकडा तर निव्वळ अंदाज असतो. ग्रंथालयातील एकाच संगणकावर दिवसभरात तीस विद्यार्थी बसले, तर ते एकच वाचक म्हणून गणले जाण्याचा संभव असतो. उलट एकाच प्राध्यापकाने कार्यालयात, घरी आणि मोबाइलवर तालिका पाहिली, तर त्याचे तीन वाचक होतात.

प्रकाशकांकडून विकत घेतलेल्या नियतकालिकांचा वापर ग्रंथालयाच्या नव्हे, तर प्रकाशकाच्या सर्व्हरवर नोंदला जातो. प्रत्येक प्रकाशक आपापल्या पद्धतीने मोजू लागला, तर तुलना अशक्य होते. यासाठी ग्रंथालये आणि प्रकाशक यांनी २००२ मध्ये ‘काउंटर’ हा सामाईक उपक्रम सुरू केला. त्याची पहिली नियमावली २००३ पासून लागू झाली आणि पाचवी २०१९ पासून. वाचकाने एकाच लेखावर तीस सेकंदांच्या आत दोनदा टिचकी मारली, तर ती एकच धरावी, यंत्रांच्या भेटी वगळाव्यात, असे नियम तीत घालून दिले आहेत. लेखाचा सारांश चाळणे आणि पूर्ण लेख उघडणे हे दोन आकडे वेगळे ठेवावे लागतात.

आकड्यांचा अर्थ

या आकड्यांवर बरेच काही अवलंबून असते. एक लाख रुपये वर्गणीचे नियतकालिक वर्षात पाचशे वेळा उघडले गेले, तर प्रत्येक वापराला दोनशे रुपये पडले, असा हिशेब ग्रंथालये करतात आणि महाग पडणारी वर्गणी बंद करतात. भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेत २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. सुमारे ६,३०० सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना तिचा लाभ मिळावयाचा आहे. एवढा सार्वजनिक पैसा खर्च होत असताना त्याचा उपयोग किती झाला हे विचारणे रास्तच आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालील शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग केलेले आहेत आणि त्या वर्गाप्रमाणे अनुदान ठरते. तेथेही ग्रंथसंख्येसारख्या मोजता येणाऱ्या गोष्टींना महत्त्व असते.

अडचण येते ती आकड्याचा अर्थ लावताना. दुकानाच्या संकेतस्थळासाठी बनविलेली मोजपट्टी ग्रंथालयाला जशीच्या तशी लागू पडत नाही. एकच पान पाहून काही सेकंदांत निघून गेलेला ग्राहक दुकानदाराच्या दृष्टीने हातचा गेलेला असतो. ग्रंथालय रविवारी उघडे असते का, एवढेच पाहून बाहेर पडलेल्या वाचकाचे काम मात्र झालेले असते. वाचक संकेतस्थळावर पंधरा मिनिटे रेंगाळला, तर तो वाचनात रमला असेल, किंवा हवा तो ग्रंथ सापडेना म्हणून भटकत असेल. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. त्या कसोटीवर कमी वेळेची भेट कधी कधी अधिक यशस्वी ठरेल.

मोजणीत यंत्रांच्या भेटी मिसळल्या, तर आकडे फुगतात. शोधयंत्रांचे बॉट पूर्वीपासून होतेच. अलीकडच्या वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करणाऱ्या बॉटांची त्यांत भर पडली आहे. त्यांच्या मागण्यांच्या भाराने ग्रंथालये आणि संग्रहालये यांची अनेक संकेतस्थळे मंदावल्याचे प्रकार घडले. असे आकडे वाचकप्रियतेचा पुरावा म्हणून दाखविणे ही स्वतःचीच फसवणूक ठरेल.

सर्वांत उपयोगी ठरतो तो तालिकेतील निष्फळ शोधांचा अहवाल. वाचकाने कोणता शब्द टंकित केला आणि त्याला काहीच मिळाले नाही, याची ती यादी असते. मराठी संग्रहाच्या बाबतीत तिचे महत्त्व विशेष आहे. ज्या तालिकेत मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत भरली असतील, तेथे देवनागरीत शोधणाऱ्याला ग्रंथ कपाटात असूनही ‘आढळला नाही’ असे उत्तर मिळते. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक, लेखकाचे आडनाव आधी की नाव आधी, अशा कारणांनीही शोध फसतो. ही यादी महिन्यातून एकदा चाळून नोंदी दुरुस्त केल्या, तर एकही नवा ग्रंथ विकत न घेता वाचकाला नवे ग्रंथ मिळू लागतात. मोजदादीचा याहून सरळ लाभ दुसरा नाही.

वाचकाचे नाव

देवघेव नोंदवहीत वाचकाचे नाव असे, पण ती वही ग्रंथपालाच्या कपाटात राही. आजची नोंद अनेकदा दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर जाते. कोणता आयपी पत्ता, कोणता विषय, किती वाजता, हे सारे जोडले की माणसाच्या मनातील प्रश्न उघडे पडतात. एखाद्या आजाराविषयी, घटस्फोटाच्या कायद्याविषयी किंवा सरकारवर टीका करणाऱ्या ग्रंथाविषयी शोध घेणाऱ्याला आपली कोणी नोंद ठेवीत आहे असे वाटले, तर तो शोधच घेणार नाही.

ही भीती काल्पनिक नाही. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या एफबीआयने ग्रंथालयांत जाऊन विशिष्ट वाचकांविषयी चौकशी केल्याचे १९८७ मध्ये उघडकीस आले आणि ग्रंथपालांनी त्याला जोरदार विरोध केला. २००५ मध्ये कनेटिकट राज्यातील ग्रंथालयांच्या एका संघाकडे संगणकाच्या वापराविषयीची माहिती मागण्यात आली. मागणीची वाच्यता करण्यासही मनाई होती. चार ग्रंथपालांनी न्यायालयात दाद मागितली आणि २००६ मध्ये ती मागणी सोडून देण्यात आली. वाचकाची माहिती गोपनीय ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे, असे अमेरिकन लायब्ररी असोसिएशन १९३९ पासून मानत आली आहे. युरोपात २०१८ पासून व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचे कडक नियम लागू झाले. भारतातही २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला.

येथे पुन्हा असुरबनिपालाची आठवण होते. कोणत्या मांत्रिकाच्या घरात कोणती ग्रंथमाला होती, हे त्याच्या अधिकाऱ्यांना नावानिशी ठाऊक होते. राजाविरुद्धचे बोलणे कळविण्याची सक्ती करणाऱ्या राज्यात अशी यादी केवळ ग्रंथसूची राहत नाही. तिच्यामुळे ज्ञान जपले गेले, त्याचप्रमाणे माणसांवर सत्ताही गाजविता आली.

यातून ग्रंथालयांना काढता येणारा मार्ग फारसा अवघड नाही. प्रथम प्रश्न ठरवावा, मग तेवढीच माहिती गोळा करावी. आयपी पत्त्याचा शेवटचा भाग नोंद होतानाच गाळावा. शक्य असेल तेथे मोजणीची प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावी. महिन्याची बेरीज झाली की मूळ ओळी ठराविक मुदतीनंतर पुसून टाकाव्यात. काय नोंदले जाते हे वाचकाला त्याच्या भाषेत, सहज दिसेल अशा जागी सांगावे. वर्गणी बंद करण्याचा निर्णय आकड्यांच्या आधारे घ्यावा, पण दुर्मीळ ग्रंथाचे निर्लेखन केवळ आकड्यांवरून करू नये. पाचशे वाचकांनी न उघडलेला ग्रंथ पाचशे एकाव्या वाचकाच्या आयुष्याचे काम ठरू शकतो, हे जॉर्ज स्मिथच्या उदाहरणावरून दिसते.

मोसुल शहराने ग्रंथांचा नाश पुन्हा एकदा अनुभवला. २०१४ ते २०१७ या काळात ‘इस्लामिक स्टेट’च्या ताब्यात असताना आणि त्यानंतरच्या लढाईत मोसुल विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय बेचिराख झाले. निनेव्हेच्या प्राचीन वेशींचीही मोडतोड झाली. पुनर्बांधणीनंतर ते ग्रंथालय २०२२ मध्ये पुन्हा उघडले. आता तेथील विद्यार्थी निनेव्हेच्या पट्टिकांची छायाचित्रे संगणकावर पाहू शकतो. ज्या संग्रहाचे दरवाजे एका राजासाठी आणि त्याच्या दरबारासाठी उघडत, तो आज कोणालाही, आपले नाव न सांगता, पाहता येतो. त्या भेटीची नोंद ‘एक वाचक’ एवढीच राहिली, तर ग्रंथालयाचे कामही चालते आणि वाचकाचा विश्वासही अबाधित राहतो.